पिनराइटचें दुकान

शुक्रवार, ता. २९ नोव्हेंबर १९४६ रोजीं लंडनमध्यें एक दुकान उघडलें. त्याच्या चौथ्या भिंतीच्या जागीं कॅमेरे उभे होते. तेथें कोणतीहि वस्तु विकत मिळत नव्हती, आणि तरीहि शहरांतील व आसपासच्या परगण्यांतील कांहीं हजार कुटुंबें आपापल्या दिवाणखान्यांत त्या दुकानाकडे टक लावून बसावीं अशी अपेक्षा होती. दुकानाच्या मालकाचें नांव जे. पिनराइट. 'पिनराइट्स प्रोग्रेस', म्हणजे पिनराइटची प्रगति, या नांवाची ही अर्ध्या तासाची विनोदी मालिका बी. बी. सी. च्या टेलिव्हिजननें पाक्षिक म्हणून सुरू केली. एकंदर दहा भाग झाले. शेवटचा भाग १६ मे १९४७ रोजीं झाला आणि दुकानास कायमचें कुलूप लागलें. ज्या प्रकारास आज सर्वत्र 'सिटकॉम' म्हणतात, त्या प्रकाराची टेलिव्हिजनवरील आद्य कृति म्हणून हिचा उल्लेख करण्यांत येतो. परंतु तिचा एकहि भाग आज पाहावयास मिळत नाहीं, आणि पुढें मिळण्याचा संभवहि नाहीं.

नांवांत एक कोटि आहे. जॉन बन्यनचा सतराव्या शतकांतील 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' हा ग्रंथ धार्मिक इंग्रजी घरांत बायबलच्या खालोखाल मानला जाई. मराठींत तो 'यात्रिकक्रमण' या नांवानें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतच आला होता. बन्यनचा यात्रेकरू संकटांमागून संकटें ओलांडीत अखेर स्वर्गाच्या दारीं पोंचतो. पिनराइटसारख्या नायकाची प्रगति अशी होऊन चालत नाहीं. पहिल्या भागांत तो जेथें असेल तेथेंच त्यानें दुसऱ्या भागाच्या आरंभींहि असावें लागतें. तीच माणसें, तीच जागा, तेच स्वभाव. बदलावयाचा तो फक्त प्रसंग. मराठी वाचकास ही रीति मुळींच परकी वाटूं नये. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या, किंवा चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ हे याच जातीचे. त्यांस शहाणपण आलें असतें तर पुढचा लेख लिहितांच आला नसता.

जगांतील सर्वांत चिमुकलें 'मल्टिपल स्टोअर' असें पिनराइटच्या दुकानाचें वर्णन केलें जाई. बड्या भांडारांचा थाट आणि कोपऱ्यावरील दुकानाएवढी जागा, अशी ती थट्टा होती. मालकास एक देखणी मुलगी होती, एक कट्टर प्रतिस्पर्धी होता आणि मदतीस नेहमीं तत्पर असा नोकरवर्ग होता. या तत्परतेमुळेंच त्याच्या अडचणी वाढत. नोकरांपैकीं राल्फ नांवाचा निरोप्या ऐंशी वर्षें उलटलेला आणि कानांनीं बहिरा होता. निरोप पोंचविण्याच्या कामीं असा माणूस नेमण्यांत लेखकाचा काय हेतु असेल तें सांगावयास नको. लिओनार्ड शार्प हा नट हें काम करी. क्लेरन्स राइट, सारा ग्रेगरी, डोरिस पामर प्रभृति मंडळी दुकानांत होतीं. संवाद रॉडने हॉब्सन यांचे. निर्मिति आणि दिग्दर्शन जॉन ग्लिन-जोन्स यांचें. पिनराइटची भूमिका जेम्स हेटर या गोलमटोल, गुबगुबीत गालांच्या नटानें केली. त्याच्याविषयीं पुढें सांगावयाचें आहे, कारण महाराष्ट्राशीं त्याचा एक खरा धागा आहे.

या सर्वांवर आणखी एक नांव होतें, आणि त्याकाळीं इंग्लंडांत तें घरोघरीं ठाऊक होतें. संहितेवर देखरेख करण्याचें काम टेड कॅव्हना यांजकडे होतें. १९३९ ते १९४९ या दशकांत बी. बी. सी. च्या नभोवाणीवर गाजलेल्या 'इट्स दॅट मॅन अगेन' या कार्यक्रमाचे ते लेखक. बॉम्बवर्षावाच्या रात्रींतून इंग्रज श्रोता ज्या कार्यक्रमाची वाट पाहत असे तो हा. त्यांतील सेवानिवृत्त कर्नल चिनस्ट्रॅप हा हिंदुस्थानी फौजेंतून परतलेला, कोणत्याहि वाक्यांत मद्याचें आमंत्रण ऐकूं येणारा गृहस्थ होता. क्लेरन्स राइट हाहि त्याच कार्यक्रमांतला. तेव्हां टेलिव्हिजनवरील विनोदाच्या या पहिल्या दुकानांत भांडवल नभोवाणीचें होतें, हें स्पष्टच दिसतें. मात्र एका गोष्टीचा विचार करण्याजोगा आहे. नभोवाणीवर दार उघडल्याचा आवाज झाला कीं श्रोता मनांत दार, खोली आणि आंत येणारा माणूस तयार करतो. कर्नल चिनस्ट्रॅपच्या नाकाचा लालपणा प्रत्येकानें आपापल्या मनांत रंगविलेला असे. टेलिव्हिजनवर दार खरेंच उघडावें लागतें, आणि दाराच्या चौकटीमागें लांकडाचा टेका दिसून चालत नाहीं. शब्दांची लढत खेळण्यांत तरबेज असलेल्या लोकांना येथें वस्तूंशीं आणि जागेशीं झगडावें लागलें असलें पाहिजे.

तो झगडा कसा होता याची कल्पना येण्यासाठीं अलेक्झांड्रा पॅलेसची थोडी ओळख हवी. लंडनच्या उत्तरेस एका टेकडीवर ही व्हिक्टोरिया राणीच्या काळांतील अवाढव्य इमारत आहे. १८७३ सालीं ती उघडली आणि सोळा दिवसांत आगींत जळाली. दोन वर्षांनीं पुन्हां उभी राहिली. तिच्या पूर्वेकडील भागांत बी. बी. सी. नें २ नोव्हेंबर १९३६ रोजीं नियमित टेलिव्हिजन सुरू केलें. दोन स्टुडिओ होते, प्रत्येक सुमारें सत्तर फूट लांब आणि तीस फूट रुंद. म्हणजे एखाद्या शाळेचें बेताचें सभागृह. या जागेंत देखावे, दिवे, कॅमेरे, तारा आणि नट. चित्र ४०५ रेषांचें. कॅमेऱ्यांना प्रखर उजेड लागे, त्यामुळें उकाडा विलक्षण.

१ सप्टेंबर १९३९ रोजीं, महायुद्ध तोंडावर आलें असतां, मिकी माउसचें एक व्यंगचित्र दाखवून झाल्यावर हें टेलिव्हिजन बंद करण्यांत आलें. व्यंगचित्र मध्येंच तोडलें अशी एक आवडती दंतकथा आहे, पण ती खरी नाहीं; तें पूर्ण दाखविलें होतें. मनोऱ्यावरून निघणाऱ्या लहरी शत्रूच्या विमानांस वाटाड्याचें काम देतील हें भय होतें, आणि तेथले तंत्रज्ञ रडारच्या कामास हवे होते. ७ जून १९४६ रोजीं प्रक्षेपण पुन्हां सुरू झालें तेव्हां तेंच व्यंगचित्र पुन्हां दाखविण्यांत आलें. इंग्रजी स्वभावांत अशी एक मिस्किल चिकाटी आहे. पिनराइटचें दुकान उघडलें तें यानंतर सहा महिन्यांच्या आंत.

गिऱ्हाइकें किती? त्या जूनमध्यें टेलिव्हिजन व नभोवाणी मिळून दोन पौंडांचा परवाना सुरू झाला होता. १९४७ च्या वसंतापर्यंत असे परवाने सुमारें साडेचौदा हजार झाले. केवळ नभोवाणीचे परवाने त्याच वेळीं एक कोटीच्या वर होते. प्रक्षेपण लंडन व आसपासचा प्रदेश एवढ्यांतच दिसे. मँचेस्टर किंवा ग्लासगो येथील रहिवाशांस पिनराइट हें नांव वर्तमानपत्रांतून कळलें तर कळलें. आज ज्यास लहान नाट्यगृह म्हणतां येईल अशा ठिकाणीं शंभर प्रयोग झाले असते तर प्रेक्षकसंख्येंत फारसा फरक पडला नसता. असें असूनहि त्या अर्ध्या तासाच्या मागें लेखक, संहिता-संपादक, दिग्दर्शक, दहा-बारा नट आणि स्टुडिओंतील सर्व कामगार राबत होते, तेंहि दर खेपेस नव्या प्रसंगासाठीं.

आणि तें सर्व एकदांच. कार्यक्रम ज्या क्षणीं घडे त्याच क्षणीं दिसे. नट वाक्य विसरला तर तो सर्वांसमक्ष विसरे. पुनःप्रक्षेपण म्हणजे काय, हा शब्द त्या दिवसांत अगदीं निराळ्या अर्थानें वापरीत: एखादें नाटक रविवारीं झालें आणि गुरुवारीं पुन्हां दाखवावयाचें असलें, तर सर्व नटमंडळी गुरुवारीं पुन्हां टेकडी चढून येत आणि तें नाटक पुन्हां करीत. ज्यास आज मुद्रित प्रत म्हणतात ती वस्तुच नव्हती. रंगभूमीच्या रसिकास यांत नवल वाटणार नाहीं. बालगंधर्वांची गाणीं तबकड्यांवर राहिलीं. त्यांचा 'स्वयंवरां'तील प्रवेश ज्यांनीं पाहिला त्यांच्याबरोबर तो गेला. फरक एवढाच कीं नाटक नष्ट होणार हें नाटकास जाणाऱ्यास ठाऊक असतें. टेलिव्हिजन हें यंत्र आहे, आणि यंत्रांतून निघालेली वस्तु कोठें तरी सांठविलेली असेल अशी पुढील पिढ्यांची समजूत झाली.

पिनराइटच्या दुकानावर त्या हिंवाळ्यांत एक संकट आलें, जें रॉडने हॉब्सन यांनीं लिहिलेलें नव्हतें. १९४७ च्या जानेवारीअखेरीपासून इंग्लंडांत असाधारण हिमवर्षाव झाला. कोळशाच्या गाड्या रुळांवर अडकल्या, वीजकेंद्रें थंडावलीं. इंधनमंत्री इमॅन्युएल शिनवेल यांनीं ७ फेब्रुवारीस विजेवर निर्बंध जाहीर केले, आणि १० फेब्रुवारीस टेलिव्हिजन बंद झालें. तें ११ मार्चपर्यंत बंद राहिलें. दहा पाक्षिक भागांस पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत अठरा आठवडे पुरावेत. पिनराइटला चोवीस लागले, याचें एक कारण हें. २० फेब्रुवारीस पंतप्रधान ॲटली यांनीं जून १९४८ पूर्वीं हिंदुस्थानची सत्ता सोडण्याची घोषणा पार्लमेंटांत केली, त्या रात्रीं लंडनचे टेलिव्हिजनचे पडदे काळेच होते. आणि मालिकेचा दहावा भाग झाला त्या शुक्रवारानंतर बरोबर तेराव्या शुक्रवारीं १५ ऑगस्ट उजाडला. या दोन गोष्टींचा परस्परांशीं संबंध नाहीं. परंतु एका साम्राज्याची आवराआवर चालली असतां त्याच्या राजधानींत विनोदाचें एक चिमुकलें दुकान मांडलें जात होतें आणि मोडलें जात होतें, हें चित्र मनोरंजक आहे.

दुकान हा विषय कां निवडला असेल, तेंहि त्या काळाकडे पाहिलें म्हणजे कळतें. युद्ध संपलें होतें तरी रेशन संपलें नव्हतें. युद्धकाळांतहि ज्यावर कधीं निर्बंध नव्हता तो पाव जुलै १९४६ मध्यें रेशनवर आला. कपड्यांना कूपनें, मिठाईला कूपनें. गृहिणीचा अर्धा दिवस रांगेंत जाई आणि दुकानदार ही व्यक्ति देवापेक्षां थोडी कमी आणि मंत्र्यापेक्षां थोडी अधिक महत्त्वाची होऊन बसली होती. १९४३ पासून रेशनच्या रांगा पाहिलेल्या मुंबईकरांस हा अनुभव वेगळा सांगावा लागत नाहीं. ज्याच्या तोंडाकडे पाहून बोलावें लागे त्या दुकानदाराची फजिती अर्धा तास घरबसल्या पाहावयास मिळणें, यांत प्रेक्षकांस केवढें समाधान असेल! संहितांतील विनोद कितपत चांगला होता हें आज ठरवितां येत नाहीं. तो अगदीं साधारणहि असूं शकेल. हरवलेल्या वस्तूस सोन्याचा मुलामा चढविणें सोपें असतें, आणि पिनराइटच्या चाहत्यांनीं हा मोह नेहमींच आवरलेला आहे असें म्हणतां येत नाहीं.

आतां जेम्स हेटर. या गृहस्थाचा जन्म २३ एप्रिल १९०७ रोजीं लोणावळें येथें झाला. बोरघाटांतून जाणाऱ्या लोहमार्गामुळें लोणावळ्यास त्यावेळीं युरोपियन वस्ती बरीच होती. हेटरचें बालपण पुढें स्कॉटलंडांत गेलें, नाट्यशिक्षण लंडनच्या राजकीय नाट्यविद्यालयांत झालें, आणि १९३६ पासून तो चित्रपटांत दिसूं लागला. पिनराइटच्या वेळीं तो चाळिशींत पदार्पण करीत होता. नंतर त्याचा उत्कर्षच झाला. १९५२ सालीं वॉल्ट डिस्नेच्या रॉबिन हुडच्या चित्रपटांत तो फ्रायर टक झाला, आणि त्याच वर्षीं डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'वरील चित्रपटांत त्यानें खुद्द पिकविकचें काम केलें. आरस्पानी भोळेपणा, किंचित् फुगीर प्रतिष्ठा आणि संकट आलें असतां लुकलुकणारे डोळे, हें त्याचें भांडवल. पिकविक पाहिल्यावर पिनराइट कसा असेल याचा थोडासा अंदाज बांधतां येतो. त्याहून अधिक जवळचा पुरावा मिळणें नाहीं. उत्तर आयुष्यांत एका केकच्या जाहिरातींतील त्याचा मऊ, लोणकढा आवाज इंग्लंडच्या घरोघरीं इतका परिचयाचा झाला कीं पुष्कळांना त्याचा चेहरा आठवत नसे, पण आवाज ऐकतांच केक आठवे.

भागांचें मुद्रण कां झालें नाहीं, या प्रश्नाचें उत्तर काळाच्या एका लहानशा फटींत आहे. टेलिव्हिजनच्या पडद्यासमोर चित्रपटाचा कॅमेरा ठेवून चित्र टिपून घ्यावें ही कल्पना सोपी दिसते. परंतु पडद्यावरील चित्र सेकंदास पंचवीस वेळां, तेंहि एकाआड एक रेषांच्या दोन फेऱ्यांत उमटतें. आणि फिल्मची पट्टी एका चौकटीवरून दुसऱ्या चौकटीवर सरकावयास जो क्षणांश लागतो, त्यांत चित्राचा कांहीं भाग निसटून जातो. ही अडचण दूर करण्याचे प्रयत्न चालूच होते. २० नोव्हेंबर १९४७ रोजीं झालेल्या राजकन्या एलिझाबेथच्या विवाहाच्या मिरवणुकीचें असें मुद्रण करण्यांत आलें, आणि बी. बी. सी. च्या जतन झालेल्या अगदीं पहिल्या मुद्रणांत तें गणलें जातें. पिनराइटचा शेवटचा भाग त्यापूर्वीं सहा महिने होऊन गेला होता. अर्थात् सहा महिने उशिरां तो झाला असता तरी कोणी त्याजवर फिल्म खर्च केली असती असें नाहीं. राजकन्येचा विवाह आणि बहिऱ्या निरोप्याचा घोटाळा यांत कोणती गोष्ट इतिहासाची, याविषयीं कोणाहि अधिकाऱ्याच्या मनांत त्यावेळीं संशय नव्हता.

येथें एक भेद लक्षांत ठेवावा लागतो. कांहीं कार्यक्रम नष्ट करण्यांत आले. कांहीं जन्मतःच क्षणभंगुर होते. अमेरिकेंतील पहिली अशी मालिका 'मेरी के अँड जॉनी' नोव्हेंबर १९४७ मध्यें ड्युमाँट या कंपनीच्या जाळ्यावर सुरू झाली. खऱ्या आयुष्यांतील पतिपत्नींनींच ती चालविली, आणि १९४८ च्या अखेरीस त्यांस मूल झालें तेव्हां तें मूलहि मालिकेंत आलें. ड्युमाँटकडे पुष्कळ कार्यक्रमांच्या फिल्म होत्या. जागा अडवितात म्हणून त्या सांठ्यापैकीं पुष्कळसा न्यूयॉर्कच्या बंदराच्या पाण्यांत बुडविण्यांत आला, अशी साक्ष एडी ॲडम्स या नटीनें १९९६ सालीं दिली. 'मेरी के'चा क्वचित् एखादा भाग उरला आहे. मुंबई दूरदर्शनवर १९७० नंतरच्या दशकांत चिं. वि. जोशी यांचा चिमणराव दिलीप प्रभावळकर यांनीं आणि गुंड्याभाऊ बाळ कर्वे यांनीं उभा केला. त्यावेळीं चित्रफिती महाग, म्हणून जुन्या कार्यक्रमावर नवा मुद्रित करण्याची चाल होती, आणि त्या मालिकेचे बहुतेक भाग आतां उरलेले नाहीत. या दोन्ही ठिकाणीं हळहळ करण्यास जागा आहे, कारण कोणीतरी पुसलें किंवा बुडविलें. ज्यांनीं चिमणराव पाहिला ते त्याचे हातवारे अजून करून दाखवितात. इंग्लंडांत १९९३ पासून ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट हरवलेल्या कार्यक्रमांचा शोध घेण्याची एक मोहीम चालवीत आली आहे, आणि कोणाच्या माळ्यावर, कोणत्या दूरच्या देशाच्या प्रक्षेपण-केंद्रांत, धुळीच्या डब्यांतून एखादा भाग अकस्मात् हातीं येतो तेव्हां रसिकांस दिवाळी होते. पिनराइटच्या बाबतींत शोध घेण्यासहि कांहीं नाहीं. कोणी गुन्हा केलेला नाहीं, म्हणून कोणावर रागावतांहि येत नाहीं.

राहिलें आहे तें एवढें: कांहीं छायाचित्रें, 'रेडिओ टाइम्स' या साप्ताहिकांतील कार्यक्रमपत्रिकेंतील ओळी, आणि पात्रांचीं नांवें. या एवढ्याशा सामग्रीवर एक विचित्र ओढ पोसली गेली आहे. ज्यांनीं तें दुकान खरोखर पाहिलें त्यांची संख्या तेव्हांच थोडी होती. त्यावेळचीं मुलें आज ऐंशीच्या पलीकडे आहेत. तरीहि ज्यांचा जन्म त्यानंतर कित्येक वर्षांनीं झाला असे टेलिव्हिजनचे अभ्यासक आणि शौकीन या दहा भागांविषयीं जिव्हाळ्यानें लिहितात. स्वतःच्या भूतकाळाची आठवण आणि दुसऱ्याच्या भूतकाळाची तळमळ या दोन निराळ्या भावना आहेत. पहिलींत सुख आहे. दुसरींत अधिक करून कुतूहल आणि थोडासा न्याय देण्याचा आग्रह आहे.

आणि न्यायाचा प्रश्न उगीच काढलेला नाहीं. १९७८ सालीं बी. बी. सी. च्या 'आर यू बीइंग सर्व्ह्ड?' या लोकप्रिय मालिकेंत एक नवा वृद्ध विक्रेता दाखल झाला, मिस्टर टेब्स. मालिका एका मोठ्या कापडी भांडाराची. प्रसंग तेच: गिऱ्हाइकें, प्रतिष्ठा आणि अति तत्पर नोकर. टेब्सचें काम करणारा नट एकाहत्तर वर्षांचा जेम्स हेटर होता. एकतीस वर्षांनीं तो पुन्हां गल्ल्यापलीकडे उभा राहिला होता, या खेपेस मालक नव्हे तर नोकर म्हणून. एका हंगामानंतर तो त्यांतून गेला. केक बनविणाऱ्यांस आपला सभ्य आवाज तसल्या चावट विनोदांत नको होता अशी एक गोष्ट सांगतात. १९८३ च्या मार्चमध्यें स्पेनमध्यें त्याचें निधन झालें.

२०१६ सालीं बी. बी. सी. नें आपल्या प्रसंगविनोदिकांचा महोत्सव साजरा केला. जुन्या मालिकांचे नवे भाग तयार करविले. त्यांत 'आर यू बीइंग सर्व्ह्ड?'चें कापडी भांडारहि एका रात्रीपुरतें पुन्हां उघडलें. महोत्सवाचें निमित्त साठ वर्षांचें होतें. टोनी हॅनकॉकचा 'हॅनकॉक्स हाफ आवर' जुलै १९५६ मध्यें नभोवाणीवरून टेलिव्हिजनवर आला, तेथून ही गणना करण्यांत आली होती. त्याच वर्षीं २९ नोव्हेंबरला पिनराइटच्या दुकानास सत्तर वर्षें पूर्ण झालीं.